खिडकी नंबर तीनमधली साळू

एका जंगलात, भर पेठेच्या मधोमध, एक दगडी कचेरी होती. आता जंगलात पेठ कशी, असं विचारू नका. मध विकणारी माकडं आणि बोरं विकणारे ससे समोरासमोर बसले की झाली पेठ. नीट मांडी घालून बसा. पाणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन या, मग मधे उठायचं नाही.

ही कचेरी फार जुनी. वाघोबा महाराजांच्या खापरपणजोबांनी बांधलेली. उंच छत, जाड भिंती, लाकडी जिना. समोरच्या बाजूला सात खिडक्या आणि प्रत्येक खिडकीला लोखंडी गज. जंगलातल्या प्रत्येकाचे आजोबा त्या खिडक्यांसमोर उभे राहिले होते. काहीजण उभे राहिले तेव्हा आजोबा नव्हते, तिथेच झाले.

पुढे महाराजांना वाटलं की आपल्याला नवी कचेरी हवी. काचेची. नदीपलीकडच्या टेकाडावर जागा छान होती. तिथे फक्त एका साळूचं बीळ होतं. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर लांब काटे असतात ती. दिसली तर लांबून बघायची, हात लावायचा नाही.

या साळूचं नाव कौसल्या. नवऱ्याचं नाव दगडू. तो दिवसभर कंद उकरायला जायचा. पोरं तीन. दोन मोठी आणि धाकटी चिमी. चिमीला दुपारी झोप लागायला तासभर लागायचा आणि झोप मोडायला पान पडलं तरी पुरायचं.

दोन्ही कामं कोल्ह्यानं घेतली. टेकाडावर नवी कचेरी बांधायची आणि जुनी रिकामी झाली की तिच्यात घरं करायची. तो कौसल्येच्या बिळाच्या तोंडाशी येऊन बसला.

"वहिनी, नशीब काढलंत. मातीतून उठून दगडात राहायला जाणार. भर पेठेत. बिळाच्या बदल्यात घर."

"पोरांना अंगण आहे का?"

"अंगणाचं काय घेऊन बसलात? दिवाणखान्याची उंचीच चार हत्ती एकावर एक."

"आम्ही गुडघ्याएवढे आहोत, भाऊजी."

"म्हणून तर हवा खेळती राहील," कोल्हा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बिळावर नव्या कचेरीचा पाया खणायला सुरुवात झाली. म्हणजे परत फिरायची वाट राहिली नाही. हे लक्षात ठेवा.

नवी कचेरी उभी राहून जुनी रिकामी होईपर्यंत त्यांनी झाडाखाली दिवस काढले. मग कौसल्येच्या वाट्याला आली खिडकी नंबर तीन आणि तिच्यामागच्या दोन खोल्या. शेजारी भागवत नावाचं एक अस्वल आलं. त्याला जुन्या कागदांची खोली मिळाली. त्याच्या घरात छतापर्यंत गठ्ठे होते आणि गठ्ठ्यांच्या मधे जिथे जागा उरली तिथे भागवत होता.

घर दाखवायला कोल्ह्याबरोबर एक कासव आलं. ते वारसा समितीचं अध्यक्ष. समितीत सदस्यही तेच एकटं. कचेरी बांधताना पाहिलेला दुसरा कुणी जिवंतच नव्हता.

"ही वास्तू जंगलाचा वारसा आहे," कासव म्हणालं. "घर खुशाल करा. पण इथला एक खिळा हलवायचा नाही."

कौसल्येनं स्वयंपाकघर पाहिलं. अर्ज घ्यायचा दगडी कट्टा होता, तोच आता ओटा. वरच्या खिडकीवर बाहेरून पाटी होती. 'खिडकी क्रमांक ३. अर्ज येथे स्वीकारले जातील.'

"ही पाटी तरी काढायची ना?"

"वारसा," कासव म्हणालं.

"आणि हा शिक्का?" ओट्याला साखळीनं बांधलेला एक पितळी शिक्का होता. नारळाएवढा.

"वारसा."

"आणि हे कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं?"

कासवानं ते बराच वेळ पाहिलं. "हे नंतरचं आहे. पण राहू द्या."

कौसल्येचा जीव मात्र जिन्यात अडकला होता. जिन्याच्या दांड्यांमधली फट बरोबर पोराच्या डोक्याएवढी. पहिल्याच संध्याकाळी मधल्या पोरानं डोकं घालून बघितलं. आत गेलं. पण साळूचे काटे मागच्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे डोकं बाहेर येईना. दगडूनं मोहाचं तेल लावून ते काढलं. दांड्यांना वेल बांधू का, म्हणून कौसल्या विचारायला गेली, तर कासव म्हणालं, "अर्ज करा."

"कुठे?"

"खिडकी नंबर तीनवर."

तेव्हा तिला हसू आलं. पुढे ते आलं नाही.

कारण तिसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यावर कंद सोलत होती आणि समोर गजांतून एक कागद आत आला. कागदामागे एक पंजा होता आणि पंज्यामागे एक म्हातारा ससा. त्याच्यामागे बावीस जनावरांची रांग.

"काय हवं, आजोबा?"

"हयातीचा दाखला. मी जिवंत आहे असं लिहून हवं. नऊ वर्षं झाली मागतोय."

"ही कचेरी नाही हो, आजोबा. हे घर आहे. कचेरी नदीपलीकडे गेली."

म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि रांगेकडे वळून म्हणाला, "बरोबर जागी आलोय. इथे नेहमी हेच सांगतात."

खरंच होतं ते. त्या खिडकीनं आजवर कुणालाही 'हो, हे काम आमच्याकडेच आहे' असं सांगितलं नव्हतं. त्यामुळे कौसल्या जितक्या वेळा 'इथे काही होत नाही' म्हणे, तितकी सगळ्यांची खात्री पटे. रांग वाढायला लागली. काहींनी डबे आणले. एका वानरानं पोरांना खेळायला आपली शेपटी दिली. चिमीच्या झोपेचे तीनतेरा वाजले.

"नदीपलीकडे का जात नाही तुम्ही?" तिनं एकदा कळवळून विचारलं.

"जाऊन आलो," रांगेतली एक मुंगशीण म्हणाली. "तिथे बगळे बसतात. एका पायावर. ते म्हणतात शिक्का जुन्या कचेरीत राहिला. साखळी तोडता येत नाही, वारसा आहे. नवा शिक्का करायचा कागद वर गेलाय. तोवर जुन्या खिडकीवर जा म्हणाले."

म्हणजे मुलांनो, अख्ख्या जंगलाचा एकुलता एक शिक्का कौसल्येच्या ओट्यावर. त्याच्या शेजारी मिठाचा सट.

त्या दुपारी चिमी चौथ्यांदा उठली. कौसल्येचं डोकं फिरलं. तिनं सशाचा कागद ओढून घेतला. लिहायला बोरू नव्हता, म्हणून पाठीवरचा एक काटा उपटला. चुलीवरच्या काजळीत बुडवला आणि लिहिलं, 'आजोबा जिवंत आहेत. मी स्वतः पाहिले. बोलले, शिंकले.' खाली धाडकन शिक्का मारला.

"घ्या. आणि हळू आवाजात जा."

म्हातारा जागचा हलेना. कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "झालं?"

"झालं."

"पण आज तर मी फक्त विचारायला आलो होतो."

तो कागद घेऊन नदीपलीकडे गेला. बगळ्यांनी शिक्का पाहिला. शिक्का खरा होता. काय करतील? त्यांनी दाखला मानला. नऊ वर्षांनी म्हातारा ससा जिवंत ठरला. त्या आनंदात त्यानं वाटेवर भेटेल त्याला सांगितलं.

मग काय विचारता. कौसल्येनं पाहिलं की हाकलायला जितका वेळ लागतो त्याच्या निम्म्या वेळात काम होतं. मग ती कामच करायला लागली. सकाळी पोरांना भरवून झालं की खिडकी उघडायची आणि चिमीच्या झोपेआधी रांग संपवायची. कचेरीचं काम तिला येत नव्हतं. तिला घरचं येत होतं. तसंच तिनं केलं. आलेल्याकडे बघायचं, काय दुखतंय ते विचारायचं, खरं असेल ते लिहायचं.

दोन रानडुकरं एका चिखलावरून भांडत आली. त्यांचा दावा आजोबांच्या काळापासूनचा. कौसल्येनं लिहिलं, 'मोठ्यानं सकाळी लोळावं, धाकट्यानं दुपारी. भांडल्यास चिखल मुलांना मिळेल.' शिक्का. एका लांडोरीला मुलीच्या जन्माची नोंद हवी होती, तारीख आठवत नव्हती. 'मोहाची फुलं पडत होती आणि आई घाबरली होती,' असं लिहून दिलं. लांडोर म्हणाली, "अगदी बरोबर."

प्रत्येक कागदाला एक काटा लागायचा. महिन्याभरात कौसल्येची पाठ विरळ दिसायला लागली.

"अगं, थोडे ठेव अंगावर," दगडू म्हणाला. "लांडगा आला तर काय त्याला दाखला देणार?"

"पोर झोपतंय ना दुपारचं? मग काटे येतील परत."

शेजारून भागवत अस्वल ओरडायचं, "वहिनी, जपून. माझ्या घरात शंभर वर्षांचे गठ्ठे आहेत. झोप येत नाही म्हणून मी रोज एक वाचतो. असं काम केल्याची एकही नोंद नाही."

ती हसायची. तिला वाटायचं, अस्वल मध जास्त खातंय.

आणि एके दिवशी रांग संपली. खरंच संपली. पेठेतल्या खिडकीसमोर कुणी नव्हतं. सगळ्यांची सगळी कामं झाली होती. पोरं ओट्यावर बसून कंद खात होती. कौसल्येनं बऱ्याच दिवसांनी पाठ टेकली.

पाठ टेकली आणि खिडकीत एक लांब चोच आली. मुख्य कारकून शुभ्रकांत बगळे स्वतः आले होते. त्यांनी दोन्ही पाय जमिनीवर टेकले होते. त्यावरून काय ते समजा.

"तुम्ही काय केलंत हे, बाई?"

"काय केलं?"

"आमच्याकडे आठ दिवसांत एकही जनावर आलेलं नाही. आम्ही बारा बगळे आहोत. काचेच्या इमारतीत बसतो. बाहेरून सगळं दिसतं. रांग नाही हेही दिसतं."

"मग बरं झालं की. दमला असाल."

"बरं कसं? परवा महाराज टेकाडावरून गेले. म्हणाले, कुणी नाही तर कचेरी कशाला? बारा बगळे कशाला? तेच वाक्य ते पुन्हा म्हणाले तर आम्हाला तळ्यावर जाऊन मासे धरावे लागतील. स्वतः."

त्यांनी एक कागद गजांतून आत सरकवला. त्यावर लिहिलं होतं, की राहत्या जागेत कचेरीचं काम केल्याबद्दल खिडकी नंबर तीनचं घर आठ दिवसांत रिकामं करावं.

"पण रांग तर तुम्हीच पाठवलीत."

"पाठवली. काम करा असं कुठे म्हटलं?"

संध्याकाळी दगडू आला तेव्हा ती कागद मांडीवर घेऊन बसली होती. चिमी विचारत होती, "आई, आपण परत बिळात जायचं?"

"बिळावर त्यांची कचेरी आहे, बाळा."

"मग कुठे जायचं?"

कौसल्येला ते माहीत नव्हतं. तीन पोरं, विरळ पाठ आणि बाहेर लांडगे. तुम्हीच सांगा, कुठे जायचं?

दगडू चिडला. घाबरला की तो चिडायचा. "तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण? सगळं जंगल गप्प बसलं होतं ना?"

"पोर झोपत नव्हतं."

"आता झोपेल. उघड्यावर."

तिनं कागद घडी करून ओट्यावर ठेवला. मग तोच उठला आणि चुलीत लाकूड सारून कंद उकडायला ठेवले. ते त्याचं माफी मागणं होतं.

सकाळी दोघं कोल्ह्याकडे गेले. कोल्हा म्हणाला, "मी घर दिलं. तुम्ही त्याची कचेरी केली. यात माझा दोष कुठे?" कासवाकडे गेले. कासव म्हणालं, "तुम्ही गेलात तरी चालेल. ओटा जाता कामा नये." मग कुठे जायचं ते सुचेना, म्हणून ती भागवतच्या दारात बसली आणि रडली.

अस्वल गठ्ठ्यांतून वाट काढत बाहेर आलं. त्यानं बगळ्यांचा कागद दोनदा वाचला. मग खालची बारीक ओळ बोटानं दाखवली.

"हे बघा. 'हरकत असल्यास जुन्या इमारतीच्या खिडकी नंबर तीनवर अर्ज करावा.' वहिनी, हरकतीचा अर्ज तुमच्याकडेच द्यायचाय."

"मग लगेच निकाल देते. घर माझं म्हणून शिक्का मारते."

"काय लिहाल? घरात कचेरीचं काम केलं की नाही?"

कौसल्येनं तर केलं होतं. आणि तिला खोटं लिहिता येत नव्हतं.

"ऐका माझं," अस्वल म्हणालं आणि आतून एक पिवळा कागद घेऊन आलं. "हे एका तरसाचं प्रकरण. गुहा सोडायला सांगितलं होतं. त्यानं हरकत घेतली. माझ्या पणजोबांच्या काळात. निकाल अजून लागलेला नाही. आणि जोवर निकाल नाही तोवर बाहेर काढता येत नाही. आज त्याचा पणतू त्याच गुहेत राहतो, वर नातवाचं लग्न ठरवतोय. शंभर वर्षांत निकाल लागून कुणाचं भलं झाल्याचा कागद माझ्याकडे नाही. निकाल न लागून मात्र पुष्कळांचं झालंय."

"म्हणजे?"

"अर्ज करा. घ्या. आणि ठेवून द्या."

कौसल्येनं अर्ज लिहिला. मग नियमाप्रमाणे बाहेरून खिडकीशी गेली, गजांतून कागद आत ठेवला, वळसा घालून घरात आली आणि कागद उचलला. कचेरीच्या नोंदवहीत नंबर घातला. चारशे बारा. पोरांना वाटलं आई खेळतेय. पोरं टाळ्या वाजवायला लागली.

कागद हातात आल्याबरोबर सवयीनं तिचा दुसरा हात शिक्क्याकडे गेला. भागवतनं तो वरच्यावर धरला. काटे टोचले तरी सोडला नाही.

"वहिनी, हात आवरा."

"आता ही खिडकी बंद करते कायमची. पुन्हा कुणाचं काम नको आणि भानगड नको."

"बंद केली तर अर्जही बंद. घर गेलंच समजा. उघडी ठेवायची. येईल तो कागद घ्यायचा. पण क्रम मोडायचा नाही. चारशे बाराच्या आधी चारशे तेराला हात लावलात, तर बगळे म्हणतील, मधला का ठेवला, काढा निकाल."

"म्हणजे माझा होईपर्यंत कुणाचाच नाही?"

"आणि तुमचा तर होता कामा नये," अस्वल म्हणालं.

आठव्या दिवशी शुभ्रकांत बगळे बाकीच्या अकरा जणांना घेऊन घर रिकामं करायला आले. कौसल्येनं नोंदवही पुढे केली. त्यांनी चारशे बारा वाचला. शेऱ्याच्या रकान्यात काहीच नव्हतं. ते बराच वेळ त्या कोऱ्या रकान्याकडे बघत राहिले. हळूहळू त्यांचा एक पाय वर गेला.

"विचाराधीन आहे तर," ते म्हणाले. आवाजात एकदम मऊपणा आला. "मग आमचं काही म्हणणं नाही. अर्ज नुसते घेऊन ठेवणं हा काही कचेरीचा वापर नव्हे. आधीच सांगायचंत, बाई. तुम्ही आमच्यातल्याच निघालात."

जाताना त्यांनी चिमीला एक वाळका मासा दिला.

दीडेक महिन्यानं चारशे तेरा नंबरला एक टिटवी आली. तिला रांगेत उभं राहावं लागलं नाही, ती पहिलीच होती. धापा टाकत होती.

"ताई, तुमच्याबद्दल ऐकलंय. नदीकाठी खडीत माझी चार अंडी आहेत. कोल्ह्यानं नव्या कचेरीचा रस्ता तिथूनच आखलाय. दोन हात बाजूनं न्यावा, एवढं लिहून द्या. उद्या दगड पडणार आहेत."

कौसल्येनं कागद घेतला. टिटवीकडे बघितलं. काय दुखतंय ते विचारायची गरजच नव्हती. तिचा हात पाठीकडे गेला. काटे आता चांगले भरून आले होते. एक काटा सहज निघाला असता.

तिनं हात खाली घेतला. कागदावर नंबर घातला आणि तो चारशे बाराच्या खाली ठेवला.

"क्रमानं होईल, बाई."

"पण उद्या..."

"चौकशी करत राहा."

टिटव्या एरवी केवढ्या ओरडतात. ही ओरडली नाही. थोडा वेळ गजांना धरून उभी राहिली आणि नदीकडे उडून गेली. तिच्या मागे तोवर दोन चितळं आणि एक उदमांजर येऊन उभं राहिलं होतं. उदमांजर चितळांना म्हणालं, "मधे इथे काहीतरी बिघडलं होतं म्हणे. आता खिडकी नीट चालू झालेली दिसते."

"आई," चिमी आतून म्हणाली, "तिची अंडी?"

"झोप तू," कौसल्या म्हणाली.

चिमी झोपली. तेव्हापासून ती रोज दुपारी गाढ झोपते. रांगही आता गडबड करत नाही. लवकर काही व्हायचं नाही हे ठाऊक असलं की जनावरं शांत बसतात.

तात्पर्य : दुसऱ्याचं काम वेळेवर करावं, हे मुलांनो, परीक्षेत लिहा, गुण मिळतात. पण राहतं घर सांभाळायचं असेल तर एक काम कायम शिल्लक ठेवावं. ते आपलंच असावं. मग बाकीच्यांची शिल्लक ठेवायला वेगळे कष्ट पडत नाहीत, आणि कुणी विचारलं तर क्रम दाखवता येतो.